घसरगाडीची ओटी

“त्या तव्यावर उद्या भाकरी होणार नाही, आत्ताच सांगून ठेवते,” सासूबाई म्हणाल्या.

मी चिमट्यानं तव्यावरचे इंजिनाचे दोन्ही स्पार्क प्लग उलटे केले, फुलका उलटावा तसे. पेट्रोलचा वास स्वयंपाकघरभर झाला होता आणि खिडकी उघडायची सोय नव्हती. बाहेर इतकी थंडी होती की श्वास घेतला तर नाकातले केस टणक व्हायचे.

“आई, तुम्ही जुईला घेऊन पुढच्या खोलीत बसा ना. हा वास तिला नको.”

“तिला नको आणि तव्याला चालतो,” असं म्हणत त्या उठल्या. त्यांच्या खांद्यावर जुईचं डोकं होतं. दीड वर्षाची पोर, पण सकाळपासून तिनं एकही हट्ट केला नव्हता. मला भीती वाटत होती ती त्याचीच. तिच्या छातीतून बारीक आवाज येत होता, कुकरची शिट्टी होण्याच्या जरा आधी येतो तसा. दुसऱ्या कुणाला तो ऐकू यायचा नाही. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

आम्ही तेव्हा कॅनडाच्या उत्तरेकडे एका धरणावर राहत होतो. माझा नवरा पराग तिथल्या वीजघरात नोकरीला होता. धरणाच्या कडेला कंपनीची तीन घरं, त्यातली दोन हिवाळ्यात रिकामी. गाव, दवाखाना, दुकान, छोट्या विमानांची धावपट्टी, सगळं तलावाच्या पलीकडे. उन्हाळ्यात होडीनं जायचं आणि थंडीत गोठलेल्या तलावावरून स्नोमोबिलनं. मागच्या जंगलातून एक रस्ता होता, पण मोठा बर्फ पडला की तो असून नसल्यासारखा. त्या आठवड्यात तसा बर्फ पडला होता. पराग वरच्या दुसऱ्या वीजघरावर तारा तुटल्या म्हणून गेला होता आणि तिथेच अडकला होता.

राहिलो आम्ही तिघी आणि स्नोमोबिल. ती घराला चिकटून असलेल्या शेडमध्ये उभी होती. पुढे दोन लाकडी फळ्यांसारख्या पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, वर मोटारसायकलचं हँडल. जुनी, दोरी ओढून चालू करायची. सासूबाईंनी आल्या दिवशीच तिचं बारसं केलं होतं: घसरगाडी.

ती घसरगाडी चालू व्हायची, दोन-चार आचके द्यायची, काळा धूर ओकायची आणि बंद पडायची.

सकाळी दवाखान्यातल्या डोना नर्सला फोन केला होता. तिनं जुईचा श्वास फोनवर ऐकला. म्हणाली, घाबरण्यासारखं आत्ता काही नाही, पण औषधाचा पंप चालू ठेव आणि आवाज वाढला तर घेऊन ये.

“पंपात औषध थोडंच उरलंय,” मी म्हटलं.

“मग वाढायची वाट बघू नकोस. कुणाला तरी न्यायला सांग.”

न्यायला येण्यासारखा एकच होता, गावातला वॉल्टर. तो शिकारीला गेलेला, उद्या परतणार होता. मग परागचा फोन लागला.

“रेवती, उद्या वॉल्टर येतोय ना. एक दिवसाचा प्रश्न आहे.”

“गेल्या वर्षी तासाभराचा होता.”

गेल्या हिवाळ्यात जुईचा श्वास असाच अडकला होता. परागनं तिला कोटाच्या आत घेऊन तलाव ओलांडला होता आणि मी किनाऱ्यावर उभी राहून लांब जाणारा लाल दिवा बघत बसले होते. गाडीवर तिसऱ्याला जागा असते, पण मागे सामानाची पेटी बांधलेली होती आणि ती सोडायला वेळ नव्हता. जुई वाचली. मी मात्र तेव्हापासून तशीच किनाऱ्यावर उभी होते म्हणा ना. रात्री उठून तिच्या नाकाखाली बोट धरायचं. दाराच्या फटीला टॉवेल लावायचा. पराग घरी यायला उशीर झाला की वीजघरावर फोन.

“म्हणूनच म्हणतो मी,” पराग हळू म्हणाला, “शनिवारी जा तू आईबरोबर. हा हिवाळा तिकडे काढ. तुलाही बरं, तिलाही बरं.”

“आणि तुला?”

“माझं काय. मला सवय आहे.”

तिकिटं तयार होती. सासूबाई दसऱ्याच्या आधी आल्या त्या परतीची तिकिटं घेऊनच. एक त्यांचं, एक माझं, जुई मांडीवर. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. ‘रेवतीचं इथं निभत नाही गं आई.’ निभत नव्हतं हे खरंच होतं. पण एकदा का मी ते विमान पकडलं, की हा तलाव मला जन्मभर आडवा येणार, हेही मला कळत होतं. पुढचा हिवाळा, त्याच्या पुढचा. थोडे दिवस म्हणून गेलेली बाई थोड्या दिवसांत परत येत नसते.

गंमत म्हणजे ते शनिवारचं विमानही पलीकडूनच सुटायचं. रस्ता बंद. म्हणजे इथं निभतं हे दाखवून मला राहायचं असलं तरी घसरगाडी चालायला हवी, आणि सासूबाईंना मला न्यायचं असलं तरी हवीच. त्यामुळे त्या दिवशी आम्ही दोघी एकाच यंत्राला दोन टोकांनी ओढत होतो.

प्लग चांगले चटका बसण्याइतके तापले. मी ते फडक्यात गुंडाळून शेडकडे पळाले.

“हातमोजे!” मागून आवाज आला.

शेडमध्ये मी गाडीचं तोंड उघडून ठेवलं होतं. मी सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. इंजिनाचं मला एवढंच माहीत होतं की पेट्रोल, हवा आणि ठिणगी अशा तिघांची बैठक जमली तर ते चालतं. बाकी सगळं परागच्या मागे उभं राहून बघितलेलं. तो म्हणायचा, “तू काय पहारा देतेस का माझ्यावर?” पहाराच तो. मला हात चालताना बघायची सवय आहे. डॉक्टरांचे, रिक्षावाल्याचे, नवऱ्याचे. भिणारी माणसं बघत राहतात.

ठिणगी होती. ती मी सकाळीच प्लग लोखंडाला टेकवून बघितली होती. पेट्रोल तर होतंच, कारण प्रत्येक वेळी प्लग काढला की तो ओलाचिंब आणि काजळी लागलेला निघत होता. मला वाटलं पेट्रोलच जास्त येतंय. म्हणून सकाळी मी कार्बोरेटरचं भांडं उघडून, पुसून, परत बसवलं होतं. त्यात एक स्क्रू उरला. उरलेला स्क्रू कुठला हे शोधण्यात तास गेला. तो कार्बोरेटरचा नव्हताच, आधीच कधीतरी जमिनीवर पडलेला होता.

गरम प्लग बसवले. दोरी ओढली. इंजिन चालू झालं, घुसमटल्यासारखं खोकलं, आणि काळा धूर सोडून गेलं.

स्वयंपाकघर आणि शेडच्या मधल्या दाराला काच होती. सासूबाई जुईला घेऊन काचेपलीकडे उभ्या होत्या. त्यांनी हातानं विचारलं, काय? मी मान हलवली. त्यांनी हातानंच सांगितलं, आत ये, चहा घे. मी परत मान हलवली. मग त्यांनी काचेवर टकटक केली आणि दार बोटभर उघडून म्हणाल्या, “खोकतीय कशी बघ. जुईसारखीच.”

त्यांनी ते सहज म्हटलं. मी मात्र तशीच उभी राहिले.

जुई खोकायची तेव्हा तिला खायला कमी नसायचं. तिला हवा कमी पडायची.

मी पेट्रोलच्या मागे लागले होते. प्लग ओले होत होते ते पेट्रोल जास्त होतं म्हणून नाही, तर ते जाळायला हवाच पुरत नव्हती म्हणून. मी बॅटरी घेऊन गाडीच्या खाली वाकले, हवा जाते कुठून ते बघायला. आणि तिथे, तेलकट फरशीवर, मला तांदळाचा एक दाणा दिसला.

लाल दाणा. कुंकू लावलेला.

“आई,” मी म्हटलं, “जुईला पाळण्यात ठेवा आणि जरा इकडे या.”

हे कळायला दसऱ्याचं सांगायला हवं. त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या की वाहनांची पूजा झाली पाहिजे. परागनं गाडीला हळदकुंकू लावलं, शोभेची झेंडूची प्लॅस्टिकची माळ घातली. सासूबाई लांब उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, “ही जुईला घेऊन गेली होती ना गेल्या साली? पोटाशी धरून?”

“गाडी? हो. म्हणजे मी धरलं होतं,” पराग म्हणाला.

“तू धरलंस, पण पोचवलं तिनं. लेकराला नेणारी ती लेकुरवाळी. हिची ओटी भरायला पाहिजे.”

पराग हसून हसून खाली बसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आतून कुंकवाचे तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी आणि हिरवा खण आणून माझ्या हातात दिला. स्वतः मागे सरकल्या. सासऱ्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

“तू भर,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातची चालत नाही.”

मी भरली. सीटखालच्या कप्प्यात खण अंथरला, त्यात पाच मुठी तांदूळ घातले, बाकीचं वर ठेवलं. सीट बंद केली. त्यानंतर रस्ता चालू होता, गाडी कुणी काढलीच नाही. मी परागला दोनदा म्हटलं, एकदा चालू करून बघ. तो म्हणाला, बर्फ पडला की बघू.

सासूबाई शाल गुंडाळून शेडमध्ये आल्या. मी सीट उचलली. आत हळकुंड होतं, सुपारी होती. तांदूळ नव्हते. खोबऱ्याची वाटी कडेनं नक्षी काढल्यासारखी कुरतडलेली. खण अर्धा.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या.

“थांबा. तोंडाला बांधा आधी.” मी त्यांना मास्क दिला, स्वतःही लावला. तिकडच्या उंदरांच्या लेंड्यांतून फुप्फुसाचा आजार होतो हे मी कुठेतरी वाचलं होतं. पराग यावर मला खूप चिडवायचा. मी ब्लीचचं पाणी शिंपडलं, मुरू दिलं. मग हवेचा डबा सोडवला. इंजिन ज्यातून श्वास घेतं तो काळा प्लॅस्टिकचा डबा. झाकण निघालं आणि आतून एक एवढासा उंदीर उडी मारून सासूबाईंच्या पायांवरून गेला. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “हा बघ, सुखानं राहिलाय.”

डब्यात घरटं होतं. हिरव्या खणाचे धागे, सुटे सुटे, मऊ पिंजलेले. त्यात सोनेरी काठाची जर. मधे वाळकं गवत, जुईच्या लोकरी मोज्याचा धागा, आणि कडेला नीट रचून ठेवलेले कुंकवाचे तांदूळ. पाच मुठींतल्या चार तरी असतील. हवा जायला बोटभरही जागा नव्हती.

सासूबाई डब्यावर वाकल्या.

“मी केलं हे,” त्या म्हणाल्या.

“भरली मी.”

“सांगितलं मी. आणि पोरीला श्वास मिळेना त्या दिवशी…” त्यांचा आवाज मास्कमध्ये अडकला.

“आई, रडलात तर मास्क ओला होईल आणि मला नवीन शोधावा लागेल. पिशवी धरा.”

त्यांनी पिशवी धरली. मी घरटं उचलून आत टाकलं. डबा पुसला, नळी फुंकून बघितली, वायरी बघितल्या. एका वायरीला दातांच्या खुणा होत्या, पण तांबं दिसत नव्हतं. तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली. प्लग पुन्हा तव्यावर गेले. या वेळी सासूबाईंनी स्वतः नेले आणि स्वतः उलटले.

“किती भाजायचे?”

“बोटाला सोसणार नाही इतके.”

“मग झाले.”

इंजिनात आधीचं पेट्रोल साचलेलं होतं. ते बाहेर पडावं म्हणून एकीनं हँडलवरचा वेगाचा खटका दाबून धरायचा आणि दुसरीनं दोरी ओढायची. सासूबाईंनी खटका धरला. मी ओढली. काही नाही. ओढली. काही नाही. खांदा निखळतोय की काय वाटायला लागलं. मी थांबून भिंतीला टेकले.

“सोड,” त्या म्हणाल्या. “तू इकडे ये, मी ओढते.”

“तुम्हाला जमायचं नाही. जोर लागतो.”

“कोयनेला विहिरीचं पाणी कोण ओढत होतं? सरकार?”

त्यांनी शाल कमरेला खोचली आणि दोरी ओढली. पहिल्यांदा नुसतीच. दुसऱ्यांदा इंजिन खोकलं. तिसऱ्यांदा एकदम पेटलं, आधी जाडं, फाटकं, आणि मग हळूहळू एकसुरी. काळा धूर पांढरा झाला, मग दिसेनासा झाला. मी शेडचं मोठं दार उघडलं. उजेड आणि थंडी एकदम आत आली. आम्ही दोघी त्या आवाजाकडे बघत उभ्या राहिलो. आवाजाकडे बघता येतं, त्या दिवशी आलं.

मग सासूबाईंनी विचारलं, “तू चालवलीयस कधी?”

“उन्हाळ्याआधी दोनदा. घराभोवती.”

“आणि तलाव?”

“तलाव नाही.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, राहू दे, वॉल्टर येईल उद्या. म्हणाल्या असत्या तर मी ऐकलंही असतं कदाचित. पण त्या म्हणाल्या, “मग आधी घराभोवती एक चक्कर मार. मी बघते.”

मी मारली. दोन मारल्या. मग आत जाऊन गावातल्या पोलीस चौकीला फोन केला आणि बर्फ किती जाड आहे ते विचारलं. लाल फडक्यांच्या काठ्या लावल्यात त्या वाटेनं ये, काठी सोडू नकोस, म्हणाले. मी डोनाला सांगितलं, निघतोय, पोचलो नाही तर बघ. परागच्या वीजघरावरही निरोप ठेवला. सामानाची पेटी सोडवली. जुईच्या छातीतला आवाज आता सासूबाईंनाही ऐकू यायला लागला होता. पंपातलं उरलेलं औषध तिला दिलं.

हेल्मेट सासूबाईंच्या अंबाड्यावर बसेना. त्यांनी अंबाडा सोडला आणि वेणी कोटात खुपसली. मग बॅगेतून स्वतःचं जुनं सुती लुगडं काढून जुईला छातीशी बांधून घेतलं, तोंड आत, नाकावर लोकर. त्या मागे बसल्या, जुई माझ्या पाठीच्या आणि त्यांच्या छातीच्या मधे. तिचा श्वास मला पाठीवर लागत होता. बघायला मिळत नव्हता, पण लागत होता.

तलावावर वारा आडवा होता. बर्फाची पूड जमिनीलगत सरपटत होती, पिठासारखी. मी पहिली काठी बघितली, मग दुसरी. तिसरी दिसेना. डोळे मिटावेत असं वाटलं. मी हँडल तसंच धरून ठेवलं आणि काठी दिसली.

मध्यावर इंजिन एकदा अडखळलं. मी खटका सोडला नाही, जरा कमी करून परत दाबला. मागून सासूबाई काहीतरी ओरडल्या. वाऱ्यात कळलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाल्या, “तुला नाही, हिला म्हटलं. चल गं बाई, म्हटलं.”

दवाखान्याच्या पायऱ्यांशी गाडी थांबवली तेव्हा माझे हात हँडलवरून सुटेनात. डोनानं दारातूनच जुईला घेतलं. वाफेचं मशीन लावलं. जुई आधी चिडली, मग रडली, मोठ्यानं, हट्टानं, पाय आपटून. मी खुर्चीत बसले. इतकं छान रडणं मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

“बरं झालं आजच आलीस,” डोना एवढंच म्हणाली. आणि दुसरं मशीन घरी न्यायला देते म्हणाली.

जुई झोपल्यावर आम्ही दोघी बाकावर बसलो. सासूबाईंचे केस मोकळे होते. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

“ह्यांची नोकरी कोयना धरणावर. तिथं जमीन हलायची,” त्या एकदम म्हणाल्या. “रोज नाही, पण हलायची. फळीवरची भांडी आपोआप वाजायची. बाकीच्या बायका म्हणायच्या, होतं ते, सवय होते. मला नाही झाली. पराग तीन महिन्यांचा असताना त्याला घेऊन माहेरी गेले, विट्याला. थोडे दिवस म्हणून.”

“किती राहिलात?”

“तो शाळेत गेला तिथनंच. हे यायचे सुट्टीला, पाहुण्यासारखे. पिशवीत खाऊ. पराग त्यांना ‘कोयनेचे बाबा’ म्हणायचा. जसे काही आणखी बाबा आहेत कुठे. हसायचे सगळे. हेही हसायचे.” त्या मोकळे केस गोळा करून पिळायला लागल्या. “परागनं मला फोन केला ना, की रेवतीला घेऊन जा, तेव्हा तो अगदी ह्यांच्यासारखा बोलला. माझं काय, मला सवय आहे. आणि मी तिकीट काढून आले. मला वाटलं मी शहाणपण करतीय.”

मी त्यांच्या कोटावर पडलेली पिन उचलून त्यांना दिली.

“भ्यायले मीही,” त्या म्हणाल्या. “भिऊन मी गाठोडं बांधलं.” अंबाडा घालून झाला. “तू पाना घेतलास. तिकिटाचं मी बघते परागशी. तू मधे पडू नको.”

शनिवारी मीच त्यांना तलावापलीकडे नेलं. पराग आदल्या दिवशी आला होता. जुईला घेऊन तो घरी थांबला. त्याला मी सांगितलं होतं, दाराच्या फटीला टॉवेल लाव. धावपट्टीवरचं विमान इतकं लहान की सासूबाई म्हणाल्या, “हे तर घसरगाडीचं पोर दिसतंय.”

इंजिन सुरू होत होतं. मी कोटातून स्टीलचा डबा काढला. घट्ट झाकणाचा. त्यात कुंकवाचे तांदूळ, हळकुंड, सुपारी, एक संत्रं, कारण नारळ मिळाला नव्हता. आणि माझ्या लग्नातला निळा खण.

सासूबाईंनी डबा बघितला आणि एक पाऊल मागे सरकल्या. दसऱ्याला सरकल्या होत्या तशाच.

“काय करतीस? माझी भरत नाहीत.”

“आई, घसरगाडीची भरली की आपण. तिला कुठला नवरा होता?”

वैमानिक हात हलवून घाई करत होता. मग त्यांनी हातमोजे काढून दातात धरले, कोटाची चेन खालपर्यंत ओढली, त्या मरणाच्या थंडीत, आतल्या स्वेटरखालून साडीचा पदर बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

मी ओंजळीनं तांदूळ घातले. वारा होता, थोडे उडून बर्फावर सांडले, लाल लाल.

त्यांनी पदर छातीशी गोळा केला, वर कोट ओढून घेतला. दातातले हातमोजे सोडले. खाली बघितलं.

“ते वेच आधी,” त्या म्हणाल्या. “उंदीर येतील.”